एकाच टेकडीच्या दोन बातम्या

अरे, ऐका तर! आज नळदुर्गात घासलेटच्या रांगेत माझ्यापुढं जलीलचाचा आन् सारजाबाई उभे. दोघांचीबी पोरं तिकडं इटलीत, इंग्रजाच्या फौजेत लढायलेत.

"चाचा, काल वकिलाच्या रेडिओवर काय आलं?"

"लंडन म्हणालं, टेकडी घेतली. माणसं थोडी गेली."

"आन् अमेरिका?"

"टेकडी घेतली, पन माणसं लई पडली."

"एकच टेकडी ना?"

"एकच. लंडनच्याच हुकमानं पोरं चढली, मग ते माणसं कमीच गेली म्हणणार. अमेरिकेची पोरं असती तर अमेरिकाबी तसंच म्हणाली असती."

"मग खरं कुणाचं?"

"अल्ला जाणे. पोराच्या हातचं खत येईस्तोवर मी त्याच्या आईला, सकिनाला, लंडनचंच सांगतो. खूश होऊन भाकर तरी खाती ती."

"चाचा, रागवू नका, एक सांगू? अमेरिकेचं सगळं ठावं असतंय सकिनाचाचींना. रोज वकिलीणबाईला इचारून येत्यात."

"काय म्हणतीस?"

"काल आडावर माझ्यापाशी बोलल्या. तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हणून तुमच्याम्होरं भाकर खात्यात, खूश दिसत्यात."

रांग पुढं सरकली, तरी चाचा जाग्यावरच.

"मग आज काय सांगू तिला, सारजा?"

"काय सांगू नका. सांजच्याला त्यांना संगं घेऊन वकिलाकडं निघा, म्याबी येते. तिघं मिळूनच ऐकू."