फळ्यावरची ओळ

दवाखान्याच्या काउंटरवरच्या बाई रोज सकाळी समोरच्या फळ्यावर स्वतःच्या मनाने एक सुविचार लिहीत. आजचा तर त्यांना इतका जमलाय असं वाटत होतं, की येणारा-जाणारा तो वाचतो की नाही, इकडेच त्यांचं सारं लक्ष होतं. म्हणून बाकावरच्या नवरा-बायकोचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं.

“वाचलंस? ‘घाई करू नका, योग्य वेळ आपणहून चालत येते.’”

“वाचलं. आता तुमचं नाव पुकारतील, उठा.”

“मी सही करणार नाही. बोट माझं आहे.”

“काळं पडलंय ते! आज बोट काढलं नाही तर पुढे पाय काढावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले ना?”

“डॉक्टरांना घाईच असते. इथे बघ, त्यांच्याच भिंतीवर लिहिलंय. उगाच लिहितील?”

“अहो, कुणीतरी रिकामपणी लिहिलं असेल.”

“छे! लिहिणाऱ्याने भोगलेलं दिसतंय. नशीब माझं, आजच वाचायला मिळालं. चल घरी.”

“वेळ येईल हो चालत. तुम्ही कसे चालणार?”

तो वाकून चपला शोधू लागला. बायको तरातरा काउंटरपाशी आली आणि हळूच म्हणाली,

“ताई, फळा तुम्हीच लिहिता ना? बोटांना खडू लागलाय तुमच्या.”

बाईंनी हात टेबलाखाली घेतला.

“उद्याचा आजच लिहाल का?”