हलक्या हाताचा माणूस

समारंभाचे अध्यक्ष माननीय गुरुसिद्धप्पा अण्णा, व्यासपीठावरील माझे वरिष्ठ आणि सहकारी, आज सेवानिवृत्त होत असलेले सत्कारमूर्ती श्री. बिरुदेव मायाप्पा वाघमोडे, आणि टेंभुर्णी-माढा परिसरातून आपली शेरडं-मेंढरं कुणाच्या तरी हवाली करून इथं आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना नमस्कार.

मी डॉक्टर युवराज काशीद. सरकारी गुरांच्या दवाखान्यात चौदा वर्षं मी डॉक्टर आणि बिरुदेवमामा परिचर. म्हणजे कागदावर मी साहेब आणि ते शिपाई. पण जनावर आजारी पडलं की दारातून पहिला प्रश्न काय यायचा? "मामा हायत का?" मी समोर खुर्चीत बसलेलो असायचो. मी म्हणायचो, "मी आहे, बोला." तर उत्तर यायचं, "तुमी बसा की सायेब. मामा येऊ द्या."

हसताय ना? हसा. मला मात्र चौदा वर्षांत एकदाही हसू आलं नाही. मी जळत होतो. निरोपाच्या भाषणात हा शब्द बरा दिसत नाही, पण दुसरा माझ्याकडे नाही.

आपल्यापैकी पुष्कळजण मला अध्यात्माच्या वाटेवरचा माणूस समजतात. रोज सकाळी ध्यान, दहा दिवसांची मौन शिबिरं तीन, शाळाशाळांतून 'स्वतःला ओळखा' या विषयावर व्याख्यानं. खरं सांगू? हे सगळं सुरू झालं ते मामांमुळे. एवढ्याशा पगारात हा माणूस इतका निवांत कसा, या रागानं. शिबिरात सांगायचे, डोळे मिटा आणि मनात काय येतंय ते नुसतं बघा. मी डोळे मिटले की बिरुदेव वाघमोडे! तंबाखू मळत उभे.

शिबिराहून परत आलो तर मामा म्हणतात कसे, "धा दिवस बोलायचं न्हाय व्हय? मंग सोपं हाय की. मेंढरामागं आमाला म्हयना म्हयना कोन गावत न्हाय बोलाया." म्हणजे मी रजा टाकून जे शिकायला गेलो, ते या गृहस्थांना लहानपणापासून येत होतं! माझा नुसता तिळपापड झाला. वर पुन्हा, एवढं ध्यान करून तिळपापड होतोच कसा, याचाही राग.

इथवर गमतीचं झालं. आता जे सांगायचंय ते सांगून टाकतो, नाहीतर नेहमीसारखा गोड बोलून खाली बसेन.

शेवटच्या रांगेत केराबाई बसल्यात. मामांच्या थोरल्या बहीण. नऊ वर्षं झाली, या मामांशी बोलत नाहीत. नऊ भाऊबीजा मामांना ओवाळणं नाही. गावाला एवढंच ठाऊक आहे की बहिणीची मेंढी विताना अडली होती, निरोप जाऊनही भाऊ आला नाही आणि मेंढी कोकरासकट गेली.

तो निरोप गेलाच नव्हता.

त्या दुपारी केराबाई धापा टाकत दवाखान्यात आल्या. मामा तीन किलोमीटरवर लसीकरणाला गेले होते. बाई म्हणाल्या, "बिरूला लावून द्या." मी म्हणालो, "मी येतो की." तर म्हणाल्या, "तुमी हायच, डाक्टर. पर बिरूचा हात हलका हाय."

एवढंच. त्यात अपमान काय होता? पण माझ्या डोक्यात सणक गेली. म्हटलं, "निरोप पाठवतो," आणि पाठवला नाही. आज दाखवूनच देतो, म्हणून एकटा गेलो. कोकराची मान मागं वळली होती. तासभर खटपट केली, मला ती सरळ करता आली नाही. मेंढी गेल्यावर बाईंनी विचारलं, "माझा भाऊ कुटं हाय?" मी म्हणालो, "निरोप दिला होता. आला नाही."

दुसऱ्या दिवशी मामांनी मला विचारलं, "सायेब, निरोप कुनाकडं दिलता?" मी म्हणालो, "फोन केला होता, लागला नसेल." आणि या माणसानं माझ्यावर विश्वास ठेवला! म्हणाले, "व्हय, तितं रेंज न्हाय." त्या दिवसापासून कुठल्या वस्तीवर चाललोय ते दवाखान्याच्या दारावर खडूनं लिहून मगच मामा बाहेर पडायचे. नऊ वर्षं मी ती अक्षरं वाचत आत गेलो. आत जाऊन ध्यानाला बसलो.

केराबाई, उठू नका, ऐकून घ्या. काल तुमच्या वस्तीवर आलो ते हेच सांगायला. तुम्ही चहा ठेवलात आणि माझी जीभ रेटली नाही. 'कार्यक्रमाला या' एवढं बोलून पळालो. तुम्ही त्या दिवशी म्हणाला होतात, "मेंढीचं जाऊ द्या, पर भाऊ असून आला न्हाय." तुमचा भाऊ आला असता, बाई. धावत आला असता. मी त्याला कळूच दिलं नाही.

मत्सर गेला का माझा? नाही. आज हे भरलेलं सभागृह बघूनसुद्धा मनात आलंच, माझ्या वेळेला इतकी माणसं येतील का? तो माझ्यात आहे, हे मी आता कबूल करतो. एवढीच माझी आध्यात्मिक प्रगती.

अध्यक्षांनी दिलेली वेळ मी केव्हाच ओलांडली. त्यांचे, आयोजकांचे आणि आपण इतक्या शांतपणे ऐकून घेतलंत त्याबद्दल आपले आभार. बोलताना काही उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्या, असं म्हणून खाली बसायची आपली रीत आहे. पण आज बोलताना माझं काही चुकलेलं नाही. चुकलं ते नऊ वर्षं गप्प बसलो तेव्हा. त्याची माफी मामा, तुमच्याकडे आणि केराबाईंकडे मागतो. ती द्यायलाच हवी असं नाही.

शाल माझ्या हस्ते, असं पत्रिकेत छापलंय. ती मी घालणार नाही. केराबाई, पुढे या आणि तुमच्या हातानं भावाच्या खांद्यावर घाला. टाळ्या होतील, त्या मामांसाठी होतील, आणि मला पुन्हा जळायला होईल. होऊ दे. या आक्का, मी बाजूला होतो.