ओठावरचा झाडू

फोल्कर : म्हणजे? माझी रेकॉर्ड तुमच्या मिशी-मंडळात वाजवली? बाबा, तुम्ही अध्यक्ष असलेल्या मंडळात?

एबरहार्ड : तीनदा वाजवली. अल्ब्रेख्तनं तर बियरचा मग आपटून ठेका धरला.

फोल्कर : अहो, ती तुमचीच टिंगल आहे!

एबरहार्ड : कळतंय की. ‘ओठावर झाडू, झाडूत सूप, आरशात बघून हसतो खूप!’ सूप मसुराचं होतं, तेवढं घालायचं राहिलं तुझं.

फोल्कर : तुम्ही चिडायला हवं होतं! आमच्या बँडची पोरं म्हणत होती, तुझा बाप रेकॉर्डच्या ठिकऱ्या करणार.

एबरहार्ड : छे! शनिवारी आमच्या मिशांच्या स्पर्धेत तुम्ही वाजवायचं. एकमतानं ठरलंय.

फोल्कर : पंक बँड? काकांच्या मिशांपुढे? श्टुटगार्टमध्ये तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

एबरहार्ड : बाकीचे तिघं हो म्हणाले. तुझ्या ड्रमवाल्यानं एवढंच विचारलं, बियर फुकट ना?

फोल्कर : गद्दार साले!

एबरहार्ड : फक्त मंडळाचा एक नियम आहे. मंचावर मिशीशिवाय कुणी चढत नाही. चिकटवलेली चालत नाही, अल्ब्रेख्त दारातच ओढून बघतो.

फोल्कर : मग मिटलंच. मी येत नाही.

एबरहार्ड : बरं. मग अल्ब्रेख्त गाईल. त्याला पाठ झालंय.

फोल्कर : माझं गाणं? तो म्हातारा?

एबरहार्ड : तुझ्या पोरांनी केव्हाच दाढी करणं सोडलंय. तुझंच काय अडलंय?

फोल्कर : त्यांना येते हो!

एबरहार्ड : काय येते?

फोल्कर : मिशी! चोवीस वर्षांचा घोडा झालो, आणि ओठावर बघा, नुसतं माळरान. शाळेपासून पोरं हसतायत. वर घरात तुमचा तो झुबका!

एबरहार्ड : हां... म्हणून गाणं होय.

फोल्कर : हसू नका ना.

(एबरहार्ड पाकिटातून जुना फोटो काढून त्याच्यापुढे ठेवतो.)

फोल्कर : हा गुळगुळीत कोण?

एबरहार्ड : मी. एकोणतिसाव्या वर्षी. लग्नाच्या आदल्या दिवशी.

फोल्कर : काहीतरीच! भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोत मिशी आहे की चांगली.

एबरहार्ड : बुटाचं पॉलिश. खरी आली तिशी उलटल्यावर.

फोल्कर : बाबा! मंडळाला माहीत आहे हे?

एबरहार्ड : वेडा आहेस का? फक्त तुझ्या आईला. आणि आता तुला.

फोल्कर : पण शनिवारी अल्ब्रेख्त ओढून बघणार...

एबरहार्ड : चिमटीत काही यायला तर हवं! म्हणेल, फार बारीक कापलीय. पॉलिशची डबी बुटांच्या कपाटात आहे. फक्त कुणाचा मुका घेऊ नकोस. तुझ्या आईचा गाल चर्चमध्येच काळा झाला होता.