डाव्या कुशीवरची फिल्म

मंडळी, मला असं शोकसभेत बोलता येत नाही. घरी कागदावर लिहून आणलं होतं, पण मघाशी नानांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावताना तो काकूंच्या हातात दिला आणि आता परत मागायचा धीर होत नाही. त्यामुळे आठवेल तसं बोलते. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी सुमन. नानांची पुतणी. आपल्या हॉस्पिटलच्या एक्स-रे खात्यात नानांच्या हाताखाली टेक्निशियन म्हणून लागले, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण मी खरी शिकले ती घरी, इंदिरानगरच्या त्यांच्या स्वयंपाकघरात. मी चौथी-पाचवीत असेन. नाना हॉस्पिटलातल्या बाद फिल्म घरी आणायचे आणि खिडकीच्या काचेला लावायचे. काकू ओरडायच्या, "अहो, माझ्या खिडकीत लोकांची हाडं लावू नका! पोळ्या करताना समोर बरगड्या दिसतात."

नाना हसायचे. मला म्हणायचे, "सुमे, सांग, काय दिसतं?"

मी म्हणायचे, "हात मोडलाय."

"मोडलाय का, ते मी विचारलं? दिसतं काय?"

"हाडावर काळी रेघ दिसते."

"हां. आणि काय दिसत नाही?"

हा दुसरा प्रश्न मला फार छळायचा. जे दिसतच नाही, ते सांगायचं कसं? नाना म्हणायचे, "जे दिसायला हवं होतं आणि दिसत नाही, ते सांग. आणि का दिसत नाही, तेही सांग." मी रडकुंडीला यायचे. मग ते गुळाचा खडा द्यायचे. त्यांच्या बोटांना डार्करूममधल्या औषधाचा वास असायचा. गुळालाही तो लागायचा. मला अजून त्या वासाने गोड आठवतं.

आत्ता माझ्या आधी वैद्य सिस्टर बोलल्या. सिस्टर, तुम्ही फार प्रेमाने बोललात. तुम्ही म्हणालात, रामदासभाऊंच्या वेळी चूक झाली ती नानांनी मोठ्या मनाने आपली म्हणून मान्य केली. हॉस्पिटलात सगळे असंच म्हणतात. सिस्टर, राग मानू नका, पण ते तसं नाही. मी त्यासाठीच उभी राहिले आहे. नाहीतर मी उभी राहिलेच नसते.

रामदासभाऊ इथे आहेत, तिसऱ्या रांगेत, वहिनींसोबत. ते मूळचे वणीकडचे, अंबडला कारखान्यात कामाला. तीन वर्षांपूर्वी मालाची गाडी मागे घेताना ते गाडी आणि भिंत यांच्यामध्ये सापडले. यकृत फाटलं. देवधर सरांनी ऑपरेशन करून रक्त थांबवलं, जीव वाचवला. पण दोन आठवडे झाले तरी पोटात ठेवलेल्या नळीतून हिरवंपिवळं पित्त येतच राहिलं. म्हणजे आत कुठेतरी पित्ताची नळी फाटली होती. कुठली? बारीक फांदी, की मोठी? बारीक असेल तर थांबता येतं, ती आपली आपण बुजते. मोठी असेल तर पुन्हा पोट उघडायचं. आणि त्या अशक्त माणसाला दुसरं ऑपरेशन सोसेल याची खात्री खुद्द सरांनाही नव्हती.

सोनोग्राफी तेव्हा आपल्याकडे नव्हती. पोटातल्या त्याच नळीतून एक्स-रेत पांढरं दिसणारं औषध आत सोडायचं आणि ते कुठे जातं त्याच्या फिल्म काढायच्या, एवढाच उपाय. सरांच्या मदतनीस डॉक्टरांनी औषध सोडलं. फिल्म मी काढल्या. नाना त्या दिवशी रजेवर होते.

फिल्मवर पित्तनळ्यांचं झाड उमटलं. उजव्या फांद्या स्वच्छ दिसल्या. त्यातल्या एका बारीक फांदीतून औषध बाहेर गळत होतं. डावीकडे मात्र काहीच नव्हतं. सरांनी फिल्म पाहिल्या आणि म्हणाले, "डावी मोठी नळी तुटलेली दिसते. उद्या ऑपरेशनला घेऊ." वहिनी बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "ताई, परत फाडणार का हो त्यांना?"

संध्याकाळी नानांकडे जेवताना त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "काय दिसलं आज?"

मी सांगितलं.

"काय दिसलं नाही?"

"डावी बाजू."

"का?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. ते औषध पित्तापेक्षा जड असतं. माणूस उताणा असला की ते पाठीकडे, उजव्या नळ्यांत उतरतं. डाव्या नळ्या पोटाच्या बाजूला, वर राहतात. तिथे औषध पोचायला माणसाला डाव्या कुशीवर वळवावं लागतं. हे मला येत होतं. नानांनी दहा वेळा शिकवलं होतं.

"वळवलं होतंस?"

"नाही नाना. ते म्हणाले, ताई, लय दुखतंय, हलवू नका. मला बघवेना."

"आणि रजिस्टरात काय लिहिलंस?"

"पूर्ण."

मी 'पूर्ण' लिहिलं होतं, मंडळी.

नाना ओरडले नाहीत. त्यांनी हात धुतले, सायकल काढली, मला मागे बसवलं आणि देवधर सरांच्या बंगल्यावर नेलं. फाटकाशी थांबले. मी म्हटलं, "नाना, तुम्हीपण चला ना आत."

"फिल्म कोणी काढली?"

"मी."

"मग?"

ते सायकल धरून फाटकाबाहेर उभे राहिले. मी एकटी आत गेले. सर, तुम्ही माझ्यावर किती चिडलात ते तुम्हाला आठवत असेल. तुम्ही म्हणालात, "मी उद्या त्याचं पोट उघडणार होतो, कळतंय का तुला?" कळत होतं, सर. मग तुम्ही पाणी प्यालात आणि म्हणालात, "सकाळी सातला फिल्म पुन्हा घ्या."

मी बाहेर आले. नानांनी सायकल वळवली. म्हणाले, "भेळ खायची?"

सकाळी नाना स्वतः टेबलाशी उभे राहिले. "रामदासभाऊ, तुम्हाला कुशीवर वळवायचंय."

"लय दुखंल का, नाना?"

"दुखेल. खोटं सांगत नाही. पण मी धरलंय तुम्हाला."

"मग वळवा."

नानांनी पाठीला हात दिला आणि म्हणाले, "श्वास घ्या. धरा. हलू नका." मी बटण दाबलं. "झालं. सोडा."

त्या फिल्मवर डाव्या बाजूचं सगळं झाड उमटलं. एकूण एक फांदी. गळत होती ती फक्त उजवीकडची बारीक नळी. सरांनी ऑपरेशन रद्द केलं. काही आठवड्यांत पोटात ठेवलेल्या नळीतून येणारं पित्त कमी कमी होत थांबलं. रामदासभाऊ चालत घरी गेले.

त्या सकाळी रजिस्टरात नोंद करायची होती. मी पेनाचं टोपण काढत-लावत बसले, तेव्हा नाना म्हणाले, "दे, मी लिहितो." त्यांनी लिहिलं, 'डाव्या कुशीवरची फिल्म काल घ्यायची राहिली होती. आज घेतली.' मग रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. "सही तू करायची."

मी म्हटलं, "नंतर करते."

मी सही केली नाही. माझी नोकरी कच्ची होती, मी घाबरले. पुढे लोकांनी नानांचं अक्षर पाहिलं आणि नाना आदल्या दिवशी रजेवर होते हे विसरून चूक नानांची धरली; सर, तुम्हीही माझं नाव बाहेर काढलं नाहीत. मग त्यांच्या मोठेपणाच्या गोष्टी झाल्या, आणि मला तोंड उघडणं अधिकच अवघड झालं. नानांनी माझी चूक कधी आपल्या अंगावर घेतली नाही. तिथे स्वतःची सही केली नाही. माझं नावही कुणाला सांगितलं नाही. त्यांनी फक्त जागा सोडून ठेवली.

दर वर्षी रजिस्टर बदलताना ते मला विचारायचे, "सुमे, काही राहिलंय का?" मी म्हणायचे, "नाही." तीन महिन्यांपूर्वी ते निवृत्त झाले. कपाटाची किल्ली माझ्या हातात देतानाही त्यांनी तेच विचारलं. मी म्हटलं, "नाही, नाना." ते बरं म्हणाले आणि घरी गेले.

मला वाटत होतं, अजून वेळ आहे.

आज सकाळी मी ते जुनं रजिस्टर काढलं. ती जागा अजून कोरी होती. मी तिथे सही केली. तारीख त्या वेळची घातली नाही, आजची घातली. देवधर सर, रजिस्टर तुमच्या टेबलावर ठेवलं आहे. वर मी लिहिलेलं 'पूर्ण' खोडलेलं नाही. ते तसंच दिसू दे.

रामदासभाऊ, वहिनी, तुमची माफी मागायची राहिली होती. आज मागते.

आता सगळ्यांनी उभं राहावं. नाना या गावातल्या किती माणसांना तीच तीन वाक्यं बोलले असतील, कोण जाणे. आज आपण त्यांच्यासाठी तेवढंच करू.

श्वास घ्या. धरा. हलू नका.

...

झालं, नाना. सोडा.