बैल गेला, दावं अडकलं

विषय: विकलेल्या बैलाचे दावे परत मिळणेबाबत. संदर्भ: हसनाबादच्या किसनरावांचा अर्ज.

आमच्या भागात बैल विकला तरी त्याच्या गळ्यातलं दावं मालक घरी ठेवतो. दोर गेला की गोठ्यातली लक्ष्मीही जाते म्हणतात. किसनरावांनी घाईत बैल दाव्यासकट दिला आणि घरी बायकोने त्यांना दारातच अडवलं. बैल घेणारे शब्बीरभाई सज्जन माणूस. पुढच्याच बाजारी ते दावं बाजार समितीच्या कचेरीत, जिथे मी कारकून होतो, जमा करून गेले.

ऐकताच किसनराव धावत आले. "भाऊसाहेब, द्या जल्दी. घरी म्हणती, दावं न्हाई तर भाकर न्हाई."

"अर्ज करा," मी म्हणालो.

"माझ्याच दोरासाठी?"

"जमा झालेली वस्तू अर्जाशिवाय सुटत नाही."

बिचाऱ्यांनी अर्ज लिहिला. मी तो शिपायाकडे देऊन दावं मागितलं, तर त्याने सुतळी संपली म्हणून त्याच दाव्याने प्रलंबित अर्जांचा गठ्ठा आवळलेला.

"मंग सोडा की!" किसनराव ओरडले.

"गठ्ठ्यातले सगळे अर्ज निकाली निघाल्याशिवाय तो सोडायचा नाही, असा साहेबांचा हुकूम आहे," मी म्हणालो.

"आन् माझा अर्ज?"

शिपायाने तो तेवढ्यात गठ्ठ्यात खोचून गाठ आणखी घट्ट केली होती. "बराबर जागेवर ठेवलाय, काका."

त्यानंतर मी निवृत्त झालो. किसनराव बहिणीकडे जेवतात. अर्ज प्रलंबित आहे.