नाव बदललेल्या पक्ष्याची बेरीज

...नाही काका, मशीन तुमच्यावर खार खाऊन नाहीये. त्याला नातीगोती कळत नाहीत, तेवढंच त्याचं चांगलं आहे. इकडे बघा — दर रविवारी गाण्याच्या स्पर्धेत पक्ष्यांना गुण मिळतात, एका फेरीची एक ओळ. मी मशीनला सांगते, ज्या ओळींत नाव सारखं त्यांचा एक गठ्ठा कर नि प्रत्येक गठ्ठ्याची बेरीज दे. ग्रुप बाय नाव — झालं! आता तुमच्या मुराई पक्ष्याचं नाव मोसमाच्या सुरुवातीला काय होतं? गुंटूर. हरला, लगेच तुम्ही म्हणालात नाव जड झालंय, त्याला पेलवत नाही, नवं नाव ठेवायची लाल-पांढरी खीर वाटलीत, तो झाला स्लामेत. मग पिसं गळाली — पुन्हा खीर, पुन्हा नवं नाव, विदोदो! एका पक्ष्याचे तीन गठ्ठे पडले, त्याला मशीन काय करणार? आणि आपल्या क्लातेनमधून अंतिम फेरीला जाणार एकच पक्षी. तुमचा सगळ्यात मोठा गठ्ठाही आहे चौथा.

पायातल्या कड्याचा नंबर? आहे की, प्रत्येक ओळीत आहे! मीच म्हणत होते नंबरावर गठ्ठे करू. तेव्हा भर सभेत कोण ओरडलं — पक्षी काय कैदी आहे, नंबराने हाक मारायला? तुम्हीच ना? आणि बाकीचे म्हातारे माना डोलवत होते. कॉलेज अर्धवट सोडलेली पोरगी, तिचं काय ऐकायचं!

का सोडलं, विचारलंत कधी? टायफॉइड मला झाला, नाव तुम्ही बदललंत. बरी झाले — औषधाने, काका, औषधाने! मग हजेरी जुन्या चंद्रावतीची, गुण नव्या रहायूचे. कॉलेजच्या टेबलात दोन मुली, दोघी नापास. दोघी एकच आहेत अशी मोठ्या माणसाची सही आणा म्हणाले, तर तुम्हाला वेळ नव्हता, पक्ष्याची स्पर्धा होती. मी कॉलेजच्या त्या खिडकीपाशी उभी राहून — जाऊ दे. कुठे वाहवत गेले मी!

करते हो, करते. स्पर्धेच्या समितीनेही काल मान्य केलंय. नावाच्या जागी कड्याचा नंबर, एवढाच बदल. हे बघा, आले तिन्ही गठ्ठे एकत्र... पहिला? नाही. नववा. अहो, नावं काय तुम्ही एकट्यानेच बदललीत? गावातल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्यांनी खीर वाटलीय! त्यांचेही गठ्ठे जुळले. परत नावावर? आता नाही. आता खरं तेच राहणार.

असे बसू नका ना तोंड पाडून. छान गातो तो. खरंच गातो.

काय पुटपुटताय? काय? — आता त्याचं कुठलं नाव ठेवू, हे मला विचारताय?

उठा. उठा इथून, काका.