त्रेसष्ट खुर्च्या

चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर, कंदसामींच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात कनकवल्ली टीचर नंबर लावून बसल्या होत्या. काउंटरमागे कंदसामी आणि त्यांची मुलगी याळिनी यांची, नव्या डिस्क इतक्या हळू का चालतात यावरून जुंपली होती.

"डिस्क चांगली आहे, अप्पा. मांडणी चुकलीय. तुम्ही डिस्कवरचे सुरुवातीचे त्रेसष्ट कप्पे रिकामे सोडता."

"वीस वर्षं तेवढेच सोडतोय!"

"जुन्या डिस्कना चालायचं. नवी आठ-आठ कप्पे एकदम लिहिते. असं बघा, लग्नाच्या जेवणाला टेबलागणिक आठ खुर्च्या, घरटी माणसं आठ. त्रेसष्ट खुर्च्या सोडून बसवलं तर?"

"एक जण या टेबलाला, सात पुढच्या."

"मग वाढपी?"

"एका घरासाठी दोन टेबलं फिरेल. मरेल बिचारा!"

"डिस्क तशीच मरते."

"म्हणजे चौसष्ट सोडायच्या? एका खुर्चीसाठी एवढं रामायण?"

"एवढंच. आतलं सगळं बाहेर काढून पुन्हा मांडायचं."

"आणि मी गिऱ्हाइकांना सांगतोय, डिस्कच भिकार! बाहेर पाटी लाव. आपण बसवलेली डिस्क रेंगाळत असेल तर आणा, फुकट करून देऊ."

"कोण येणार आहे, अप्पा?"

टीचर उठल्या आणि त्यांनी पिशवीतला लॅपटॉप काउंटरवर ठेवला.

"पोंगलला तुम्हीच नवी डिस्क बसवलीत. तेव्हापासून कासव झालाय."

"याळिनी, पाटी राहू दे. आधी टीचरना कॉफी सांग."